टॉप लोड मशीन पाणी भरतानाच अडकतं आणि कधी पिळत नाही: आत नेमकं काय चालतं?

गॅलरीकर

७ किलोचं फुली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन, पाच वर्षं वापरात. इमारत तीन मजली, घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवर हजार लिटरची टाकी, पाणी बोअरचं. लक्षणं तीन आहेत. सकाळी टाकी भरलेली असते तेव्हा मशीन नीट भरतं, पण दुपारी भरायला अर्धा तास लागतो आणि मधेच एरर दाखवून थांबतं. मशीन बंद असतानाही टबात तांब्या-दोन तांबे पाणी जमलेलं दिसतं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा पाणी निघून गेलं तरी टब फिरत नाही, कपडे चिंब ओलेच राहतात.

बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बदलावा लागेल असं मेकॅनिकचं म्हणणं आहे. खर्च करण्याआधी मशीन आत कसं चालतं ते समजून घ्यायचं आहे. पाणी किती झालं हे त्याला कळतं कसं? आणि तीच मोटर धुते कशी नि पिळते कशी?

पानापक्कड

बोर्डाला इतक्यात हात लावू नका. पहिली दोन लक्षणं एकाच जागेची आहेत, इनलेट व्हॉल्व्हची, म्हणजे नळाचं पाणी मशीनमध्ये सोडणाऱ्या झडपेची, आणि तो व्हॉल्व्हसुद्धा बिघडलेला असेलच असं नाही.

व्हॉल्व्हच्या कॉइलला (वीज मिळाली की चुंबक होणारं तारेचं वेटोळं) २३० व्होल्ट मिळाले की ती पाण्याची वाट थेट उघडत नाही, तेवढी ताकद तिच्यात नसते. आत एक रबरी पडदा असतो. त्याच्या कडेला सुईएवढं बारीक भोक आणि मधोमध दुसरं भोक, ज्यावर कॉइलची लोखंडी दांडी टेकलेली असते. व्हॉल्व्ह बंद असताना नळाचं पाणी कडेच्या भोकातून पडद्याच्या वर जाऊन साठतं आणि त्याचाच दाब पडद्याला खाली घट्ट बसवून ठेवतो. कॉइल चालू झाली की दांडी उचलली जाते, मधलं भोक मोकळं होतं, वरचं पाणी निसटतं आणि खालच्या पाण्याचा दाब पडदा वर ढकलतो. थोडक्यात, उघडणं आणि मिटणं दोन्ही नळाच्या दाबावर चालतं. दाब कमी पडला तर पडदा पुरता उचलला जात नाही, म्हणून भरायला वेळ लागतो. तोच पडदा मिटताना घट्टही बसत नाही, म्हणून मशीन बंद असताना ठिबकत राहतं. बोअरच्या पाण्यातली रेती किंवा क्षाराचा कण पडद्याखाली अडकला तरी ठिबकतं, तेव्हा दोन्ही शक्यता तपासा.

आता दाबाचा हिशेब. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार (बार हे दाबाचं माप) दाब मागितलेला असतो, काहींत ०.५. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार, म्हणजे ०.३ बारला ३ मीटर उंची हवी. ही उंची टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून मशीनच्या मागच्या व्हॉल्व्हपर्यंत मोजायची, जमिनीपर्यंत नाही. समजा गच्ची घराच्या फरशीपासून ३ मीटरवर आहे, टाकी अर्धा मीटर ओट्यावर आहे आणि व्हॉल्व्ह फरशीपासून १ मीटर वर आहे. टाकी रिकामी होत आली की उरतात अडीच मीटर. टाकी भरलेली असताना त्यात टाकीतल्या पाण्याची मीटरभर उंची मिळते, साडेतीन होतात. सकाळी चालतं आणि दुपारी अडकतं ते यामुळे.

बादली लावून 'धार तर चांगली येते' असं ठरवू नका. उघड्या तोटीची धार पाइपच्या जाडीवरही ठरते. व्हॉल्व्हला हवा असतो तो उंचीचा दाब.

खर्च नसलेलं काम आधी. प्लग काढा, कॉक बंद करा, मागची नळी सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडात प्लॅस्टिकची जाळी दिसेल, ती पकडीने अलगद ओढा. नळीच्या नळाकडच्या टोकालाही बऱ्याचदा एक जाळी असते. दोन्ही सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूफुलाच्या पाण्यात, १५-२० मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. जाळी काढून टाकून मशीन चालवायचा मोह होतो, धार वाढतेही, पण मग रेती सरळ पडद्यावर जाते.

तेवढ्याने भागलं नाही तर टाकीचा ओटा मीटरभर उंच करणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय. ते शक्य नसेल तर टाकीनंतरच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा, पाणी वाहू लागलं की आपोआप सुरू होणारा. नगरपालिकेच्या थेट लाइनवर असा पंप कधीही लावायचा नाही. तोपर्यंत दुपारी धुवायचंच असेल तर बादलीने टबात पाणी ओता. पातळी गाठली गेली की मशीन पुढच्या पायरीवर जातं, पाणी कुठून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

एक तिसरी शक्यता तपासून टाका. भरताना ड्रेनच्या नळीच्या टोकातून पाणी झिरपतंय का बघा. ड्रेन व्हॉल्व्हमध्ये बटण किंवा केसाची पिन अडकली तर मशीन भरत राहतं आणि टब कधीच भरत नाही.

कृष्णाकाठ

पाणी किती झालं हे कसं कळतं, ते मी लिहितो, कारण पिळण्याची गाठही तिथेच आहे.

बाहेरच्या टबाच्या (पाणी धरणारा; कपडे आतल्या जाळीदार टबात असतात) तळाशी हवेची एक छोटी डबी असते. तिच्यापासून बोटापेक्षा बारीक नळी वर पॅनेलजवळच्या सेन्सरला जाते. टबात पाणी चढलं की डबीतली हवा कोंडली जाऊन दाबली जाते. पाण्याच्या दर सेंटिमीटरला साधारण ९८ पास्कल, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याला जवळपास ३ किलोपास्कल. सेन्सरमधला पडदा या दाबाने सरकतो, त्याला जोडलेला फेराइटचा (चुंबकीय पदार्थाचा) तुकडा एका कॉइलमध्ये आत-बाहेर होतो आणि निघणाऱ्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलते. बोर्ड तेवढीच फ्रिक्वेन्सी वाचतो. जुन्या मशीनमध्ये याच जागी टिक आवाज करणारा प्रेशर स्विच असायचा.

म्हणजे मशीन पाणी बघत नाही, कोंडलेल्या हवेचा दाब बघतं. ती हवा फसली की मशीन फसलं. नळीला बारीक छिद्र पडलं किंवा ती सैल झाली तर हवा निसटते, मशीनला वाटतं पाणी कमी आहे आणि ते भरतच राहतं. उलट डबीच्या तोंडाशी साबणाचा बुळबुळीत थर आणि कापडाचे तंतू साचले की पाणी निघून गेल्यावरही दाब आत अडकून राहतो. मशीनला वाटतं टबात अजून पाणी आहे. पाण्यासकट टब मिनिटाला ७०० फेऱ्यांनी फिरवायला कुठलंच मशीन तयार होत नाही. ते थांबून वाट बघतं आणि शेवटी एरर देतं. 'पाणी गेलं तरी फिरत नाही' याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि हेच बघून कित्येक चांगले बोर्ड बदलले जातात.

तपासायची रीत: टब पूर्ण रिकामा, प्लग काढलेला. वरच्या पॅनेलचे स्क्रू सोडून नळी सेन्सरवरून काढा आणि नळीत, टबाच्या दिशेने, हलकेच फुंका. सेन्सरच्या बाजूने फुंकायचं नाही, त्याचा पडदा फाटतो. वाट मोकळी असेल तर फुंकर सहज जाते. अडली तर थोडं कोमट पाणी नळीतून सोडा, पुन्हा फुंका, नळी आतून कोरडी करून घट्ट बसवा. टबात पाणी असताना ही नळी काढून परत लावू नका. काढताच कोंडलेली हवा निसटते, मग टबात पाणी असूनही सेन्सरला ते रिकामं दिसतं आणि पुढचं भरणं टबाच्या काठापर्यंत जातं.

जाता जाता: कपड्यांच्या वजनाचा अंदाज मशीन पाणी घेण्याआधीच करतं. तळाची चकती थोडी फिरवून मोटरला किती जड जातं ते बघतं. म्हणून कपडे कोरडे टाकायचे. आधीच भिजवलेले कपडे जास्त वजनाचे भासतात आणि पाणी गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं.

पानापक्कड

कृष्णाकाठ यांनी लिहिलं त्याला जोडून धुणं आणि पिळणं.

टॉप लोडमध्ये एकच मोटर, बेल्टने खालच्या गिअरबॉक्सला जोडलेली. तिथे क्लच आहे, म्हणजे चकती आणि टब जोडणारा-सोडणारा भाग. धुताना क्लच सुटलेला असतो, ब्रेकचा पट्टा आतला टब धरून ठेवतो आणि फक्त तळाची चकती डावी-उजवी फिरते. पिळताना चकती आणि टब एकत्र बांधले जाऊन एकाच दिशेने फिरतात. हा बदल करते ड्रेन मोटर. ती एक तार ओढते. त्या ओढीत आधी ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याच ओढीने क्लचचा लिव्हर सरकतो, ब्रेक सुटतो. बहुतेक टॉप लोडमध्ये पाणी उपसायला पंप नसतो, ते उतारानेच जातं.

म्हणून ड्रेन मोटर मेली तर पाणीही जात नाही आणि पिळणंही होत नाही. तुमचं पाणी जातंय, तेव्हा ती निदान अर्धी तरी ओढते आहे. तार ताणली गेली असेल किंवा लिव्हर गंजला असेल तर व्हॉल्व्ह उघडतो पण क्लच पुरता बसत नाही. अशा वेळी नुसती चकती फिरते किंवा दातांवर दात घासल्यासारखा करकर आवाज येतो.

दोष पातळीच्या नळीचा की क्लचचा, हे असं ओळखा. टब रिकामा ठेवून फक्त स्पिन लावा. रिकामा टब झकास फिरला तर मोटर, बेल्ट, कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग), क्लच, झाकणाचा स्विच सगळे ठीक आहेत. मग दोष पातळीच्या हवेच्या नळीचा, सावकाश जाणाऱ्या पाण्याचा किंवा तोल बिघडल्याचा. रिकामाही फिरला नाही आणि मोटर नुसती गुणगुणली तर कपॅसिटर बघा. पाच वर्षांत त्याची क्षमता घटलेली असू शकते. मोटर फिरते पण टब नाही, तर बेल्ट किंवा क्लच. काहीच आवाज नसेल तर झाकणाचा स्विच.

ड्रेनची नळीही नीट बघा. उताराच्या मशीनमध्ये ती जमिनीलगतच पडलेली हवी. उंबरठ्यावरून चढवून बाथरूममध्ये नेली किंवा तिचं टोक साचलेल्या पाण्यात बुडलं की शेवटचं पाणी टबातच उरतं.

तोलाचं थोडक्यात. टबाच्या वरच्या काठाला मिठाच्या पाण्याने अर्धवट भरलेली पोकळ कडी असते. टब वेग घेऊ लागला की ते पाणी जड बाजूच्या समोर सरकून तोल सावरतं. बाहेरचा टब चार कोपऱ्यांतल्या चार स्प्रिंगच्या दांड्यांवर टांगलेला असतो. हाताने टब खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवा. चार-पाचदा हिंदकळला किंवा एका बाजूला कललेला राहिला तर दांड्या बदलायच्या, चारही एकदम. एकच नवी टाकली तर टब तिरकाच राहतो. एकटी चादर किंवा एकटी जीन्स पिळायला लावू नका, सोबत दोन टॉवेल टाका.

गॅलरीकर

दोघांचे आभार. मोजमाप केलं. टाकीच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंत २.१ मीटर, टाकी पूर्ण भरली की ३.२. जाळी जवळजवळ बंद झाली होती, पांढरा कडक थर. रिकामा टब स्पिनला व्यवस्थित फिरला. हवेच्या नळीत फुंकर अडली, कोमट पाण्याने काळपट गाळ सुटला आणि आता फुंकर मोकळी जाते. त्यानंतरच्या चार धुण्यांत पिळणं एकदाही अडलं नाही. दाबासाठी ओट्याचं बघतो.

आता दोन प्रश्न. हा पांढरा थर आणि काळा गाळ पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? आणि पुढेमागे फ्रंट लोड घेतलं तर या पाण्यावर चालेल का?

रेझिन

थर आणि गाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उपायही वेगळे.

पांढरा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पाण्याची कठिणता आधी मोजून घ्या, थेंब टाकून रंग बदलणारं किट मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी सहज याच्याही वर जातं. अशा पाण्यात पावडरचा बराच भाग कॅल्शियमला बांधून ठेवण्यातच खर्च होतो, मळासाठी कमी उरतो. कपडे ताठ आणि करडे होतात ते त्यामुळे.

नळाला लावायचे जे पारदर्शक फिल्टर मिळतात, त्यात पॉलिफॉस्फेटचे खडे असतात. ते पाणी मऊ करत नाहीत. थोडंथोडं विरघळून क्षारांना थर धरू देत नाहीत, इतकंच. व्हॉल्व्ह आणि हीटर वाचवायला तेवढं उपयोगी आहे, पण पावडर कमी लागेल ही अपेक्षा ठेवू नका. खडे संपले की फिल्टर नुसती डबी उरतो. खरं मऊ पाणी हवं तर रेझिनचा (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर लागतो, ज्याला ठरावीक दिवसांनी साध्या मिठाच्या पाण्याने धुवून ताजं करायचं असतं. तुमच्याकडे दाब आधीच कमी आहे. सॉफ्टनर आणि फिल्टर दोन्ही आणखी दाब खातात, तेव्हा ओटा किंवा पंप आधी.

काळा गाळ म्हणजे न विरघळलेली पावडर, कपडे मऊ करायच्या द्रवाचा मेणचट अंश, अंगाचं तेल आणि त्यावर वाढलेली बुरशी. थंड पाणी, जास्त पावडर आणि बंद झाकण यांतून तो तयार होतो. ७ किलोच्या टॉप लोडला पूर्ण भारासाठी साधारण ६० ते ८० ग्रॅम पावडर पुरते, पाणी फार कठीण असेल तर थोडी वाढवा. कोरडी पावडर कपड्यांवर न ओतता मगभर कोमट पाण्यात विरघळवून टाका. धुणं झालं की झाकण उघडं ठेवा आणि आतल्या टबाच्या भिंतीवरची तंतू गोळा करणारी जाळीची पिशवी दर धुण्याला उलटी करून झटका.

महिन्या-दीड महिन्यातून रिकाम्या मशीनला १५० ते २०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड द्या. तुमच्या मशीनला हीटर नसेल तर तीन-चार बादल्या गरम पाणी, ६० अंशांच्या आतलं, ओता, बाकीचं नळाने भरू द्या, पाच मिनिटं फिरवून तासभर थांबवा. मग काढून टाका आणि दोनदा साध्या पाण्याने खळबळून घ्या. रात्रभर ठेवू नका, टबाला आधार देणारे धातूचे भाग आम्लाने खराब होतात. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक अॅसिड तर कधीच नाही, त्याने स्टीलच्या टबाला बारीक खड्डे पडतात. आणि ज्या दिवशी सायट्रिक अॅसिड, त्या दिवशी ब्लीच नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

कृष्णाकाठ

फ्रंट लोडबद्दल. पाणी निम्म्याहून कमी लागतं, कारण कपडे पाण्यात पोहत नाहीत, ते उचलून आपटले जातात. ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमचा हिशेब करा. मिनिटाला साधारण ६१ फेऱ्यांच्या वर गेलं की कपडा वरच्या टोकालाही ड्रमला चिकटून राहतो, पडत नाही. म्हणून धुताना मशीन ४५ ते ५० फेऱ्यांवर राहतं, कपडा वर जाऊन पाण्यावर पडतो. पिळण्याआधी ८०-१०० वर नेऊन कपडे भिंतीला सारखे पसरवतं आणि मोटरच्या वेगातले हेलकावे बघून तोल तपासतं. तोल नाही जमला तर पुन्हा सैल करून पसरवतं. शेवटची १० मिनिटं अर्धा तास चालतात ती यामुळे. १२०० फेऱ्यांना कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ३८०-३९० पट जोर येतो, तुमच्या टॉप लोडमध्ये ७०० फेऱ्यांना सव्वाशे पटीच्या आसपास. कपडे बरेच कमी ओले निघतात ते याच फरकाने. पावसाळ्यात दांडीवर दोन दिवस कपडे कुबट होत नाहीत, हा फार मोठा फायदा आहे.

पण तुमच्या दाबाला ते जास्त नाजूक. व्हॉल्व्ह तसाच, शिवाय पाणी पावडरच्या खणातून जातं. दाब कमी असेल तर पावडर खणातच चिकटून राहते. हाताने धुण्याची फेसाळ पावडर यात चालत नाही. फेस कपड्यांच्या पडण्याला गादी देतो आणि मळ निघत नाही. पातळीचा सेन्सरही फेसाने फसतो. बसवताना मागचे वाहतुकीचे बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढले का ते स्वतः बघा. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन खोलीभर चालत सुटतं.

हीटर साधारण २००० वॉटचा असतो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर, १६ अँपिअरचा सॉकेट हवाच. वीज मात्र लोक घाबरतात तेवढी जात नाही. १२ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट.

वीजतंत्री

सॉकेटचा विषय निघालाच आहे म्हणून. मशीनच्या पत्र्याला ओला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, सॉकेटला अर्थिंग नसतं. आतल्या विजेच्या फिल्टरच्या (पाण्याच्या नव्हे) कपॅसिटरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतोच, तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा. न्यूट्रलला तार जोडून अर्थिंगचं काम भागवू नका. न्यूट्रल तुटला तर सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो. बाथरूमजवळच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. मागे कपॅसिटर तपासायला सांगितलंय, तर प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. टोकांना हात न लावता आधी काही किलोओहमच्या रेझिस्टरने तो उतरवा, जमत नसेल तर ते काम मेकॅनिकलाच करू द्या.

आणि मशीनखालचा तळ उघडा असेल तर उंदरांसाठीची जाळी किंवा पत्रा बसवून घ्या. ड्रेन मोटरच्या तारा तिथेच लोंबतात आणि कुरतडल्या जाणाऱ्या तारांत पहिल्या त्याच असतात.

गॅलरीकर

अर्थिंग तपासलं, ठीक आहे. ओटा ९० सेंटिमीटरने वाढवायचं ठरलं, म्हणजे टाकी तळाला असतानाही बरोबर ३ मीटर मिळतील. पुरेल ना?

पानापक्कड

काठावर पुरेल. टाकीपासून मशीनपर्यंत पाइप अर्ध्या इंची असेल तर तो पाऊण इंची करा आणि कोपरे कमी करा, नाहीतर मिळवलेली उंची पाइपातच जाईल. ओटा बांधून झाल्यावर आधी टाकी अर्धी असताना भरायला किती मिनिटं लागतात ते बघा. मशीन बंद असताना टबात पाणी जमणं तरीही थांबलं नाही, तर व्हॉल्व्हच्या पडद्याखाली कचरा आहे. तेव्हा व्हॉल्व्ह बदला, तो स्वस्तातला भाग आहे.